बुधवारचं चिकन बंद करायला लावणारा तो मेसेज

फॅमिली ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, नोकरी करणाऱ्या आयांना उद्देशून, की पटकन होतं म्हणून मुलांना ब्रॉयलर चिकन घालू नका. तो वाचून माझ्या वहिनीने घरातलं बुधवारचं चिकनच बंद केलं. दादा-वहिनी दोघं नोकरीला, घरी यायला साडेसात, पोरं भुकेने कावलेली, आणि पाऊण तासात होणारं एक पोटभरीचं जेवण कुणीतरी बसल्याजागी काढून घेतलं. म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा, ज्याने ती घाबरली: ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, नाहीतर चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी होईलच कशी, आणि त्यामुळे मुली लवकर वयात येतात. अहो, एकेका शेडमध्ये हजारो पक्षी असतात, त्यातल्या प्रत्येकाला पकडून पुन्हा पुन्हा सुई कोण टोचणार आणि त्याचा खर्च कोण भरणार? पाण्या-खाद्यातून देतात म्हणाल तर ग्रोथ हार्मोन हे प्रोटीन आहे, पोटात गेलं की पचून जातं, इन्सुलिनची गोळी न देता इंजेक्शन देतात तेही याच कारणाने. व्हिडिओत पिल्लांना मानेत टोचताना दिसतं ना, ती हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवतात तिथे, दिलेली मॅरेक्स रोगाची लस असते, आणि डोळ्यात थेंब घालतात ती राणीखेत नावाच्या कोंबड्यांच्या रोगाची लस.

मग वजन येतं कुठून? निवडक पैदाशीतून. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतल्या कोंबड्यांचे वाण एकत्र वाढवले, खाद्य सगळ्यांना सारखंच. ५६व्या दिवशी १९५७च्या वाणाचं वजन भरलं ९०५ ग्रॅम, १९७८च्या वाणाचं १,८०८ आणि २००५च्या वाणाचं ४,२०२. खाद्य तेच, दिवस तेवढेच, आणि वजन चौपटीच्या वर, फरक फक्त वाणाचा. हे २०१४ साली पोल्ट्री सायन्स या जर्नलमध्ये छापून आलंय, ज्याला शंका असेल त्याने ते काढून वाचावं. आणि मुलगी लवकर वयात येतेय असं वाटलं तर बालरोगतज्ज्ञाकडे न्या, त्यामागे वजन, आनुवंशिकता अशी कारणं असतात.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर तिथे थोडं तथ्य आहे, नाइलाजाने का होईना मान्य करते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४मध्ये चिकनचे ७० नमुने तपासले तेव्हा ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले होते, आणि २०१९मध्ये सरकारने कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी घातली ती उगीच नाही. पण हा प्रश्न औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा आहे, त्याचा मुलींच्या पाळीशी संबंध जोडू नका.

आता ज्याने खरंच कुणीतरी आजारी पडेल तो मुद्दा. म्हणे फ्रीजमधलं चिकन विष, त्यापेक्षा सकाळीच मीठ-हळद लावून ओट्यावर झाकून ठेवा, संध्याकाळी आल्यावर मऊ शिजतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसात, मे महिन्यात, बंद घरात! कच्चं चिकन बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, कारण ५ ते ६० अंशांमध्ये जंतू भराभर वाढतात आणि चमचाभर मीठ-हळदीने ते थांबत नाहीत. शिजवल्यावर मरतीलच की, असं म्हणू नका, काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. पोरांना रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या तर हा मेसेज लिहिणारा येणारे का सलाइन लावायला?

मेसेजमधलं बाकीचं थोडक्यात. कुकरमध्ये प्रोटीन जळत नाही, कढईत जे होतं तेच तिथे लवकर होतं. दही लावलेल्या चिकनने कोड येत नाही, कोड हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने येतो, बहुतेकदा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते म्हणून. गावरान चवीला भारी, मान्य, पण ते शिजायला वेळ घेतं, महाग पडतं, ते रविवारी करा.

वहिनीला सांगितलंय ते असं: फ्रीजरमधलं चिकन मंगळवारी रात्री खालच्या कप्प्यात काढ, डब्यात, म्हणजे पाणी भाजीवर गळणार नाही. बुधवारी सकाळी दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून परत फ्रीजमध्येच. संध्याकाळी कांदा-टोमॅटो परतून कुकरला दोन शिट्ट्या, शेजारच्या गॅसवर भात. आणि नळाखाली चार पाण्याने धुवायची सवय सोड, ते शिंतोडे ओट्यावर चिरून ठेवलेल्या काकडीवर उडतात आणि काकडी काही शिजत नाही.