फार आपुलकीनं बोलतात हो!

ठाण्यात अनोळखी माणूस गोड बोलायला लागला, तर तो एक तर बिल्डरचा एजंट असतो नाहीतर चोर. बँकेच्या काउंटरवर आपल्याला "प्रिंटर बंद आहे, उद्या या" एवढंच ऐकायची सवय, तेही समोरच्यानं मान वर न करता. त्यामुळे "काकू, तुमचं केवायसी आज संपतंय, तुम्हाला हेलपाटा नको म्हणून मीच फोन केला," असं कुणी म्हणालं की मला तरी तिथंच फसवणुकीची शंका येते. आपल्या हेलपाट्यांची काळजी वाहणारी बँक अजून निघायची आहे. बँकांच्या कामाच्या फोनसाठी आता १६०० पासून सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत. तरी सर्वांत बरं म्हणजे फोन ठेवून कार्डामागे छापलेल्या नंबरावर आपण स्वतः लावणं. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नये. तो चोरानंच तिथं पेरलेला असू शकतो.

दुसरी आपुलकी विजेची. 'आज रात्री साडेनऊला तुमचा पुरवठा खंडित होईल, ताबडतोब साहेबांशी बोला.' खाली साहेबांचा मोबाइल. वीज जायची वेळ मिनिटासकट आधी कळते, यावरच खरं तर हसायला हवं. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. साहेब मात्र "फक्त १० रुपये भरून खातं अपडेट करा" म्हणतात आणि स्क्रीन दाखवणारं एक अ‍ॅप टाकायला लावतात. पुढे तुम्ही जे जे टाइप कराल ते साहेब बघत बसतात.

मग येतं चलन. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल, शेवटी एपीके. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातच्या कोंडीत वेगमर्यादा ओलांडल्याचं चलन आलं, तर ते खोटं आहे हे फाइल न उघडताच कळायला हवं! खरं चलन एपीकेतून येतच नाही. ते सरकारी ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे टाकून बघता येतं. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत 'अलाऊ' दाबतो आणि पुढचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. लग्नाच्या पत्रिकाही हल्ली याच रूपात येतात. चुकून उघडलंच, तर आधी फ्लाइट मोड, मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय बंद करायचं. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच फोनवरून. शेवटी फोटो बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट.

पण माझा लाडका प्रकार जुन्या सोफ्याचा. राम मारुती रोडवर पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस होते, आणि इथे १२ हजारांचा सोफा न बघता, एक रुपया कमी न करता, कुणीतरी घ्यायला तयार. वर तो स्वतःला लष्करातला म्हणवतो. पैसे 'पाठवायला' क्यूआर कोड धाडतो: "स्कॅन करा आणि पिन टाका, लगेच जमा होतील." यूपीआयचा पिन पैसे जाण्यासाठी असतो. यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. खात्री पटवायला तो आधी १ रुपया खरंच पाठवतो. सोफा विकणाऱ्या घरात त्या रुपयाचं फार कौतुक होतं.

कुरियरवाल्याचं तंत्र वेगळं. "ताई, पत्ता सापडत नाहीये, हा नंबर डायल करा," म्हणून *४०१* आणि पुढे दहा आकडे. हे कॉल फॉरवर्डिंग. तुमचे फोन त्याच्याकडे वळतात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही. सुटका ##००२# डायल करून.

ऑनलाइन पैठणीबद्दल थोडंच सांगतो. '४९९ रुपयांत थेट येवल्याहून' असं लिहिलंय, तर पानाच्या तळाशी जीएसटी क्रमांक शोधा. तो १५ अक्षर-आकड्यांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. तिथं भलत्याच राज्यातलं हार्डवेअरचं दुकान निघालं, तर पैठणी कशाची असेल ते समजून घ्या.

रविवारी पाच मिनिटं काढून बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार बंद करा, मर्यादा खाली आणा. यूपीआयला पगाराचं खातं जोडण्यापेक्षा महिन्याच्या भाजी-दुधापुरतं वेगळं खातं जोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुदत ठेवींच्या खात्याला तर यूपीआयचा वाराही लागू देऊ नये.

इतकं करूनही पैसे गेलेच, तर सोसायटीच्या ग्रुपवर सल्ला मागण्याआधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवायचे असतात, म्हणून मिनिटं मोलाची. व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये घालून दिलेला नियम असा: चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं. कळवल्यानंतरचं बँकेचं.

काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. "सर, तुमचे पैसे सापडलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा." हाही त्याच धंद्यातला. गोठवलेली रक्कम सोडवायला फी नव्हे, तर अर्ज, खात्याचे उतारे, अनेकदा कोर्टाचा आदेश आणि भरपूर हेलपाटे लागतात.