सूट? चार टक्के!

गेममधली शंभर रुपयांची तलवार विकली की पंधरा ते तीस रुपये गूगलचे. का? प्ले स्टोअर हे ॲप्सचं दुकान त्यांचं ना! स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये 936 कोटींचा दंड ठोकला. मग गूगलवाले मोठ्या मनाने म्हणाले, ग्राहकाकडून पैसे आमच्याऐवजी तुमच्या मार्गाने घ्या, आम्हाला तीसऐवजी सव्वीस टक्के द्या. म्हणजे वसुली ॲप बनवणाऱ्या डेव्हलपरची, ग्राहकाच्या शिव्याही त्यालाच, आणि सूट चार टक्के? अहो, भाजीवाली याहून जास्त कोथिंबीर फुकट देते! दंडाला मात्र अपिलात घसघशीत सूट, 936 चे 216 कोटी. कमिशनवरून अडून बसलात? मार्च 2024 मध्ये नोकरी डॉट कॉम, शादी डॉट कॉमसारखी ॲप्स रातोरात दुकानाबाहेर. सरकारने डोळे वटारले, तेव्हा परत आत. दोन खोल्यांत बसून ॲप बनवणाऱ्या पोरासाठी कोणता मंत्री फोन फिरवणार?