होल्डफास्टची पकड घणाच्या वजनात नसते

होल्डफास्ट म्हणजे सुताराच्या बेंचच्या भोकात दांडा घालून वाकलेल्या हाताने लाकूड दाबून धरणारा लोखंडी आकडा. सुतारकामाचा छंद लागलेल्या मंडळींत त्याबद्दल एक सल्ला सतत फिरतो: "वर्कबेंचवर होल्डफास्ट पक्का बसवायचा तर लोखंडी घणच हवा, जितका जड तितका बरा. लाकडी मोगरीने काही होत नाही, आणि पकड सुटली तर आणखी जोरात हाणा." यातलं जवळपास काहीच खरं नाही. हे ऐकून लोक चांगल्या बेंचची भोकं बिघडवून बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी जडपणाचं बघू. होल्डफास्टचा दांडा भोकात सैल उतरतो आणि त्याच्या वाकलेल्या हाताचं टोक कामाच्या लाकडावर टेकतं. वरून ठोका बसला की टोक लाकडाला दाबतं, लाकूड त्याला वर रेटतं आणि दांडा तिरका होतो. मग वरच्या तोंडाशी दांड्याची मागची बाजू आणि खालच्या तोंडाशी पुढची बाजू भोकाला घट्ट भिडते. कपाटाचा खण एका कडेने ओढला की अडकतो ना, तसंच. ठोक्याने होल्डफास्टचा हात किंचित लवचतो आणि स्प्रिंगसारखा ताण धरून ठेवतो. एवढा ताण आला की काम झालं. पुढचे घणाचे घाव भोकाच्या कडा चेचतात आणि खालच्या लाकडावर वण पाडतात.

पकड सुटते तेव्हा दोष बहुधा दांड्यात किंवा भोकात असतो. दांडा गुळगुळीत असेल तर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने आडवा घासा, म्हणजे ओरखडे दांड्याभोवती पडतील. एवढ्याने फरक पडतो. बेंचची फळी फार जाड असेल, चार इंचांच्या आसपास, तर दांडा पुरेसा तिरका होत नाही. तिथे भोक खालून रुंद करावं लागतं. याउलट पातळ फळीत कडांवर जास्त भार येतो आणि त्या लवकर झिजतात.

"मोगरीने काही होत नाही" हे तर जुन्या कारागिरांनीच खोटं ठरवलंय. हातकामांवर पुस्तक लिहिणाऱ्या लंडनच्या जोसेफ मॉक्सनने 17व्या शतकाच्या उत्तरार्धात होल्डफास्टचं वर्णन करताना हातोडा किंवा मोगरी, दोन्ही चालतात असं लिहून ठेवलं, आणि दांडा भोकात बऱ्यापैकी सैलच असावा असंही.

मोगरी मात्र निवडून घ्यावी. चौकोनी डोक्याची, लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) अंगाऐवजी त्यांच्या टोकांनी आघात करणारी मोगरी जास्त टिकते. एकाच ओंडक्यातून कातलेल्या गोल मोगरीत रेषा मुठीच्या दिशेने जातात, ठोका रेषांच्या अंगावर बसतो आणि लोखंडाने तिला लवकर खळगे पडतात. बाभूळ किंवा चिंचेचं लाकूड मिळालं तर उत्तम. रबरी मोगरी टाळा. ती उसळते आणि बराच जोर परत तुमच्याच मनगटात येतो. पटाशीसाठी जपून ठेवलेली मोगरीही इथे वापरू नका, खळगे पडलेल्या तोंडाने पटाशीवर सरळ ठोका बसत नाही.

"लोखंडाला लोखंडच हवं" हा मुद्दा अर्धवट आहे. घडीव किंवा मऊ पोलादी होल्डफास्टला एक-सव्वा किलोचा हातोडा चालतो, फक्त डोकं हळूहळू पसरतं आणि फ्लॅटमध्ये आवाजाने शेजारी हैराण होतात. ओतीव लोखंडाचा होल्डफास्ट असेल तर लोखंडी हातोडा लावूच नका. ओतीव लोखंड लवचत नाही, तडकतं.

ठोका दांड्याच्या थेट डोक्यावर, वाकणाच्या वर द्या, हातावर नको. मोगरीने दोन बेताचे ठोके बहुतेक कामांना पुरतात. सोडवताना वाकणाच्या खाली, मागच्या बाजूने पुढच्या दिशेला एक आडवी टिचकी द्या, दांडा लगेच मोकळा होतो. तिथेही घण लागत असेल, तर बसवताना तुम्ही गरजेपेक्षा जास्त हाणलंय.