बिडाचा तवा आणि बीड जिल्हा

गुरुजी, नमस्कार.

संगणकाला वाचून माहिती शिकवण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘नेटवर शंभर जणांनी एकच खोटं लिहिलं की तुमचं यंत्र ते खरं धरणार. ही घोकंपट्टी झाली, शिकणं नव्हे. आणि आमच्या परभणीकडच्या खेड्यांचं त्यात काय असणार?’ उभा जन्म पोरांना शिकवण्यात घातलेल्या माणसाचा आक्षेप आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

धोका तुम्ही बरोबर ओळखलात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ हे स्वतः वाचून शिकणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. ते रात्रंदिवस वेबपानं वाचायचं. ‘लातूर, नांदेड यांसारखी शहरं’ अशा धाटणीची इंग्रजी वाक्यं दिसली की त्यातली नावं शहरांच्या यादीत टाकायची. मग त्या नावांभोवती आणखी कोणती वाक्यं येतात ते पाहायचं, आणि त्यांवरून नवी नावं शोधायची. ऑक्टोबरपर्यंत सुमारे ३ लाख ९० हजार गोष्टी जमल्या, अंदाजे ८७ टक्के बरोबर. उरलेल्यांत मोठी गंमत होती. ब्राउझरमधल्या ‘कुकीज’ त्याने बिस्किटांच्या रांगेत बसवल्या, आणि कुकीज डिलीट होतात म्हणून डिलीट होणाऱ्या फाइलीही भट्टीतल्या पदार्थांत गेल्या. माणसाने यादी चाळली तेव्हा हे सापडलं.

आपल्याकडे ‘बिडाचा तवा’, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा, घ्या. यंत्राने शब्दाचं मूळ रूप काढलं की उरतं ‘बीड’, आणि तवा गेला थेट बीड जिल्ह्यात! गावाचं असेल तर आपण ‘बीडचा’ म्हणतो, ‘बिडाचा’ नाही. हे आपल्या आजीला कुणी शिकवावं लागलं नाही.

तरी ‘घोकंपट्टी’ मला मान्य नाही. नेलमध्ये नुसती मोजदाद नव्हती, प्रकार एकमेकांना बांधलेले होते : जे शहर आहे ते माणूस असू शकत नाही. त्यामुळे नवी माहिती आधीच्या माहितीशी भांडली की अडायची. जे खोटं कशाशीच भांडत नाही ते मात्र यातून निसटतं, इथे तुमचं म्हणणं खरंच आहे.

मला खोट्याहून जास्त काळजी वाटते जुन्या खऱ्याची. ‘मराठवाड्यात पाच जिल्हे आहेत’ हे वाक्य १९८० साली बरोबर होतं. १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर, १९९९ मध्ये हिंगोली झाला. पाच, सहा, सात, आठ, चारही आकडे आपापल्या काळी खरे. पानावर साल नसेल तर यंत्राने निवड करायची कशी? ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप कुणी किल्लारीचा म्हणतं, कुणी लातूरचा. यंत्र दोन भूकंप मोजू शकतं.

खेड्यांचं विचारलंत. ज्या गावावर नेटवर एकच पान आहे, तिथे खोटं पसरवायला शंभर जण लागतच नाहीत. त्या एका पानावर जे असेल तेच यंत्र वाचणार. म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या बारवेवर आणि जत्रेवर तुम्ही वहीत जे लिहून ठेवलंय, ते टाइप करायला मी येत्या रविवारी येतो. फक्त कोणती गोष्ट कोणत्या सालची, ते तुम्ही शेजारी बसून सांगा.