शर्यत चालू असताना घरचं बोलायचं नाही म्हणे

आज सकाळपासून डोकं फिरलंय माझं, त्यामुळे हे लांबणार आहे.

काल रात्री आम्ही सगळे डायमंड लीग, म्हणजे मैदानी स्पर्धांची जागतिक मालिका, बघत होतो. आपापल्या घरी, पण ग्रुपवर एकत्र. पुरुषांची 5000 मीटर चालू होती. साडेबारा फेऱ्या. पहिल्या सात-आठ फेऱ्या सगळे एका घोळक्यातच असतात, कोण कुणाच्या खांद्याआड लपलाय एवढंच बघायचं. तेवढ्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. बाबांना आज घरी सोडलं, स्वतःच्या पायांनी जिना चढले, आणि आता म्हणतायत पुढच्या महिन्यात समुद्रावर जाऊ, सगळ्यांना बोलाव. किती दिवसांनी तिचा असा मेसेज! आणि त्याखाली आमच्या अ‍ॅडमिन साहेबांचं उत्तर: "हा ग्रुप स्पर्धांसाठी आहे. घरगुती आणि सहलींचं कृपया दुसऱ्या ग्रुपवर टाका. रसभंग होतो."

सकाळी उठून बघते तर तिनं तो मेसेज काढून टाकलेला. "हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे" एवढीच ओळ उरलेली. वडील बरे झाल्याची बातमी काढून टाकावी लागली तिला!

कसला रसभंग? कुणाचा? मला खरंच राग आलाय, कारण हा नियम करणाऱ्या माणसाला मैदानी स्पर्धा कशा बघतात हेच कळलेलं नाही. आणि हे मी वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसून स्पर्धा बघितलेली बाई म्हणून सांगतेय.

मैदानी स्पर्धा म्हणजे मुख्यतः वाट बघणं. भालाफेकीत एकेकाचा भाला तीन-चार सेकंद हवेत असतो, बाकीचा वेळ पंच अंतर मोजतायत, पुढचा खेळाडू बाही सावरतोय. उंच उडीत चुकलेली एक उडी आणि पुढचा प्रयत्न यांच्यामध्ये कितीतरी वेळ जातो. डेकॅथलॉन तर दोन दिवस चालते, दहा प्रकार. शेवटची 1500 मीटर संपली की ती सगळी धिप्पाड माणसं आडवी पडतात, मग उठून एकमेकांच्या गळ्यात हात टाकून प्रेक्षकांसमोर एकत्र फेरी मारतात. दोन दिवस ती एकमेकांशी बोलत, एकमेकांना पाणी देत बसलेली असतात. खेळणारे बोलतात आणि बघणाऱ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं?

ऑगस्ट 2024 मध्ये आम्ही समुद्राकाठी गेलो होतो ते या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. पाऊस कोसळत होता, समुद्र खवळलेला, पाण्यात कुणी पाय घालायचं नाही असं आल्या आल्याच ठरलं होतं. पोरं कंटाळून झोपली होती. पॅरिस ऑलिंपिक चालू होतं आणि त्या रात्री पुरुषांची 10,000 मीटरची शर्यत होती. आपल्याकडे रात्रीचा एक वाजत आला होता. टीव्हीसमोर आम्ही सहा-सात जण, कुणी गादीवर, कुणी भिंतीला टेकून.

25 फेऱ्या. इथिओपियाचे तिघं आळीपाळीनं पुढे येऊन वेग वाढवत होते, आणि तरी घोळका फुटत नव्हता. साधारण निम्मी शर्यत झाली असेल. तेव्हा आमचा एक मित्र, जो कॉलेजपासून स्वतःबद्दल एक अक्षर बोललेला नाही, टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "आई आता मला ओळखत नाही. मामाच्या नावानं हाक मारते."

कुणीही मान वळवून त्याच्याकडे बघितलं नाही. तेच बरं झालं. अर्धी फेरी गेली असेल, मग कुणीतरी विचारलं, "कधीपासून?" त्यानं सांगितलं. परत एक फेरी. मग दुसऱ्या मैत्रिणीनं तिच्या मावशीचं सांगितलं, कुठल्या डॉक्टरांकडे नेलं, रात्री दाराला आतून कडी का लावायची नाही, घरात कुठे कुठे दिवे चालू ठेवायचे. सगळं टीव्हीकडे बघत. मधूनच तो मित्र युगांडाच्या धावपटूबद्दल विचारत होता, "चेप्तेगेई कुठाय?" आणि आम्ही सांगत होतो, "मागे आहे, मागेच आहे अजून."

आता सांगा, हे बोलणं कुठल्या ग्रुपवर टाकायचं होतं?

समोरासमोर बसवून, चहाचा कप हातात देऊन "बोल, काय झालं" असं विचारलं असतं तर तो "काही नाही रे, सगळं ठीक" म्हणाला असता. पंचवीस वर्षं तेच म्हणत आलाय. डोळे लावायला समोर काहीतरी होतं, लवकर संपणार नव्हतं, आणि शेजारी आपली माणसं होती, म्हणून त्याच्या तोंडून निघालं. माझं तर मत झालंय की लांब पल्ल्याच्या शर्यती टीव्हीवर दाखवतात त्या अशा माणसांसाठीच.

बरं, एक मान्य करते. 100 मीटरच्या वेळी कुणी बोलू नये. त्याच पॅरिसमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन यांच्यात 0.005 सेकंदाचा फरक होता, त्या दहा सेकंदांत कुणी मुलाच्या बारावीचे मार्क टाकले तर मलाही राग येईल. आणि ज्यांनी स्पर्धा अजून बघितलेली नाही त्यांना कुणी निकाल फोडून सांगू नये, हेही ठीक. पण हे दोन नियम झाले, संपलं. त्याच्या पुढे जाऊन "घरगुती" म्हणून जी हेटाळणी चालते ती मला सहन होत नाही. ग्रुपवर घरची बातमी बहुतेक वेळा बायकाच टाकतात, आणि "विषयाला धरून बोला" हेही बहुतेक वेळा त्यांनाच ऐकावं लागतं. आकडेवारी मागू नका, तुमचेच ग्रुप उघडून बघा.

आणि स्पर्धेतून घर बाजूला काढता येतं असं ज्यांना वाटतं त्यांना बार्सिलोना 1992 आठवत नाही का? 400 मीटरची उपांत्य फेरी. ब्रिटनच्या डेरेक रेडमंडचा मांडीचा स्नायू मध्येच फाटला, तो लंगडत पुढे निघाला, आणि त्याचे वडील सुरक्षारक्षकांना बाजूला सारून ट्रॅकवर उतरले. मुलगा बापाच्या खांद्यावर रडत शेवटपर्यंत गेला. मदत घेतली म्हणून निकालात त्याची शर्यत अपूर्णच धरली गेली. ती उपांत्य फेरी कोण जिंकलं ते आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? बाप मात्र सगळ्यांना आठवतो. तोही घरगुतीच होता ना? आणि 2024 मध्ये भालाफेकीत नीरज चोप्राला रौप्य मिळालं, पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं 92.97 मीटर फेकून सुवर्ण नेलं, तेव्हा नीरजची आई त्यालाही आपलाच मुलगा म्हणाली होती. हे या ग्रुपवर चार-चार वेळा फॉरवर्ड झालं. तेव्हा कुणाचा रसभंग झाला नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या समुद्राकाठच्या रात्रीचं पुढचंही सांगायला हवं. शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि चेप्तेगेई पुढे निघाला. आमच्यातला सगळ्यात आधी उठून ओरडला तो आमचा हाच मित्र. पोरं जागी झाली. 26:43.14, ऑलिंपिक विक्रम. रौप्य आणि कांस्य यांत फक्त 0.02 सेकंदाचं अंतर, अरेगावी दुसरा, फिशर तिसरा. जुन्या विक्रमाच्या आत एकूण तेरा जण आले. तो हे सगळं आम्हाला समजावून सांगत होता, भरभरून. मघाशी आईबद्दल बोलला म्हणून शर्यत त्याच्या हातून सुटली नव्हती, आमच्याही नाही. उलट ती शर्यत मला जेवढी लख्ख आठवते तेवढी दुसरी कुठलीच आठवत नाही.

तिथून परतल्यावर आमच्यातले दोघं त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. अजूनही पाळीपाळीनं कुणी ना कुणी दुपारी त्याच्या आईजवळ बसायला जातं, म्हणजे त्याला दोन तास झोपता येतं. निम्म्या शर्यतीत तो गप्प बसला असता तर यातलं काहीही झालं नसतं.

अ‍ॅडमिन महाशय, तू वाईट माणूस नाहीस हे मला माहीत आहे. तुला स्पर्धेवर मनापासून प्रेम आहे, मधले फाटे नको वाटतात, हेही कळतं. पण तुला 1 ऑगस्ट 2021 आठवतो का? टोकियोची उंच उडीची अंतिम फेरी. कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी दोघंही 2.37 मीटरवर बरोबरीत, दोघांचेही 2.39 चे तीनही प्रयत्न चुकलेले, आणि ते दोघं पंचांशी बोलत उभे होते. आम्ही सगळे श्वास रोखून बसलेलो. तेव्हा तू ग्रुपवर टाकलंस, "मुलगी झाली." सुवर्ण वाटून घ्यायचं ठरलं तो क्षण आमच्यातल्या कितीतरी जणांनी बघितलाच नाही, कारण आम्ही तुला बाळाचं वजन विचारत होतो, आई कशी आहे विचारत होतो, नाक कुणावर गेलंय विचारत होतो. आणि तू एकेकाला उत्तर देत होतास.