‘एक गोळी म्हणजे दहा गोळ्या’: त्या मेसेजमधलं गणित आणि बाकीचं सगळं

‘मुलींनो, वेळीच जाग्या व्हा’ असं म्हणत सुरू होणारा एक मेसेज कॉलेजच्या ग्रुपांवरून फिरत फिरत आमच्या घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीपर्यंत पोचला. तिने एवढंच विचारलं, ‘यातलं खरं काय?’ त्यात थोडं खरं आहे, बरंच खोटं आहे आणि एक सल्ला तर सरळसरळ इजा करणारा आहे.

मेसेज म्हणतो: तातडीची गर्भनिरोधक गोळी म्हणजे एकदम दहा गोळ्या, दोनदा घेतली की पुढे मूल होत नाही. ती गर्भपाताचीच गोळी आहे. त्यापेक्षा संबंधानंतर तासाभरात लिंबाच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुवावं. पाळीच्या आसपास धोका नसतो. दोन कंडोम घातले की काळजी मिटली. खाज नाही म्हणजे आजार नाही. आणि यातलं काहीही कुणाला सांगू नये, बदनामी होते.

आधी ते धुणं. वीर्य योनिमार्गात पडल्यावर शुक्रजंतू काही मिनिटांत गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात शिरतात. पाणी तिथवर पोचत नाही. धुण्यासाठी पाणी घेईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नुकसान मात्र नक्की होतं. योनिमार्ग मुळातच आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ३.८ ते ४.५. ही आम्लता तिथले उपयोगी जिवाणू टिकवतात आणि तीच बाहेरच्या जंतूंना रोखते. जंतुनाशक हे चांगले जिवाणूही मारतं आणि नाजूक अस्तर भाजतं. वारंवार आतून धुणाऱ्या बायकांमध्ये योनिमार्गाचा जिवाणूसंसर्ग आणि ओटीपोटातल्या अवयवांचा संसर्ग जास्त आढळतो. ओटीपोटातला हा संसर्ग गर्भनलिका बुजवतो, आणि बुजलेल्या गर्भनलिका हे वंध्यत्वाचं खरंखुरं कारण आहे. म्हणजे वंध्यत्वाची भीती घालून मुलींना ज्या उपायाकडे ढकललं जातंय, वंध्यत्वाचा धोका त्याच उपायात आहे. याची चीड येते. त्यातून धुतलं म्हणून निर्धास्त झालेली मुलगी दोन दिवस थांबते आणि गोळीची वेळ निघून जाते.

कुणी आधीच असं धुतलं असेल तर पुन्हा धुऊ नये. बाहेरून साधं पाणी पुरे. नंतर आग, दुर्गंधीचा स्राव, ओटीपोटात दुखणं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जावं. लघवीला जाऊन येणं मूत्रमार्गाचा संसर्ग टाळायला चांगलं, पण त्याने गर्भ टळत नाही. लघवीची वाट वेगळी आहे.

आता ते दहा गोळ्यांचं गणित. भागाकार बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. तातडीच्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन १.५ मिलिग्रॅम असतं, आणि रोजच्या संयुक्त (दोन हार्मोनच्या) गोळीच्या एका प्रचलित प्रकारात तेच औषध ०.१५ मिलिग्रॅम. दहापट झालं. पण रोजच्या गोळ्या महिन्यात २१ घेतात, म्हणजे ३.१५ मिलिग्रॅम. महिन्याभरात पोटात जाणाऱ्या औषधाच्या निम्म्याहूनही ही एक गोळी कमी आहे. शिवाय रोजच्या संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोनही असतं, हिच्यात ते नसतंच. काही दिवसांत हे औषध शरीरातून निघून जातं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: या औषधांनी पुढच्या प्रजननक्षमतेला धोका नाही आणि गोळीनंतर ती परत यायला उशीरही होत नाही. म्हणूनच गोळी घेतल्यावर त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आला तर दिवस राहू शकतात. गोळीने मूल होत नसतं तर हा प्रश्नच आला नसता.

एक मात्र खरं. ही गोळी नेहमीचं साधन नाही. सारखी घेतली तर पाळीचं वेळापत्रक बिघडतं, मध्येच रक्तस्राव होतो, आणि रोजच्या गोळीइतकी किंवा तांबीइतकी खात्रीही तिच्यात नाही. महिन्यातून दोनदा गरज पडत असेल तर नियमित साधन शोधायला हवं. पण गरज पडली आणि दुसऱ्यांदा घेतली म्हणून गर्भाशय ‘निकामी’ होत नाही.

गर्भपाताचा मुद्दा. ही गोळी बीजांडकोषातून स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. दोघांची गाठच पडू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. स्त्रीबीज बाहेर पडून गेलं असेल तर ती काही करू शकत नाही. आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात तशी दुरुस्तीच केली. गर्भपाताची औषधं वेगळी: मिफेप्रिस्टोन आणि मग मिसोप्रोस्टॉल. या दोन्हींची गल्लत करून कुणी भलतीच गोळी मागून घेतली तर काय होईल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

मेसेजने जे सांगायला हवं होतं ते हे. असुरक्षित संबंध आला, कंडोम फाटला किंवा आत राहिला, तर घड्याळ तेव्हापासून मोजायचं. लेव्होनॉर्जेस्ट्रेल जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत. सकाळची वाट बघत बसू नये. ७२ तास उलटले असतील तर युलिप्रिस्टल या दुसऱ्या औषधाची ३० मिलिग्रॅमची एक गोळी १२० तासांपर्यंत चालते. सगळ्यात खात्रीची तांबी: पाच दिवसांच्या आत बसवली तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा गर्भ टळतो. ती डॉक्टरकडूनच बसवावी लागते. पुढे ती ठेवली तर कित्येक वर्षं चालते.

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची कार्बामाझेपिन, फेनिटोइन ही औषधं चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो. वजन बरंच जास्त असेल तरी लेव्होनॉर्जेस्ट्रेल कमी पडू शकते. तेव्हा या दोन्ही गोष्टी औषध देणाऱ्याला आधीच सांगाव्यात. युलिप्रिस्टल घेतली असेल तर हार्मोनची रोजची गोळी पाच दिवसांनंतर सुरू करायची, आधी नाही, नाहीतर दोन्ही एकमेकींचं काम बिघडवतात. पाळी आठवडाभर पुढे-मागे होऊ शकते, त्याने घाबरू नये. मात्र आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची गर्भचाचणी करायची. संबंधानंतर तीन आठवड्यांनी केली तर उत्तर भरवशाचं मिळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी केलेल्या चाचणीतून काहीच कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. पाळीच्या आसपास धोका कमी असतो, शून्य नसतो. ज्यांची पाळी २१-२२ दिवसांनी येते त्यांचं स्त्रीबीज पाळी संपता संपता बाहेर पडू शकतं, आणि पाच दिवस टिकणारे शुक्रजंतू वर सांगितलेच आहेत. दोन कंडोम एकावर एक घातले की घासून फाटतात. एकच घालायचा, स्पर्शाच्या आधी, टोकाला चिमटीत धरून हवा काढून. काढताना कडा बोटांनी धरून ठेवायची. लॅटेक्सच्या कंडोमला तेल, व्हॅसलिन लावलं की तो काही मिनिटांत कमजोर होतो, तेव्हा पाण्यावर आधारित वंगण वापरायचं. पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेला कंडोम फेकून द्यावा.

‘खाज नाही म्हणजे आजार नाही’ हे साफ चूक. क्लॅमिडिया हा संबंधातून पसरणारा जिवाणूसंसर्ग झालेल्या बहुतेक मुलींना काहीच जाणवत नाही, अनेक मुलांनाही नाही. आणि गर्भनलिका बुजवण्यात याच जिवाणूचा मोठा वाटा आहे. त्याची चाचणी संबंधानंतर दोन आठवड्यांनी करावी. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली आधुनिक चाचणी ४५ दिवसांनी खात्रीचं उत्तर देते. गर्भनिरोधक गोळी यापैकी कशापासूनही वाचवत नाही.

राहिली शेवटची ओळ, ‘कुणाला सांगू नका’. मैत्रीण रात्री अकरा वाजता दार वाजवते तेव्हा तिला विचारायच्या गोष्टी मोजक्या: किती तास झाले, कोणती औषधं चालू आहेत, आणि हे तुझ्या मर्जीने झालं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिला एकटीला पाठवू नये, सोबत दवाखान्यात जावं. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तक्रार करायची की नाही हे तिने नंतर ठरवलं तरी चालेल, औषधाला तेवढा वेळ नाही. तपासणीआधी शक्यतो अंघोळ करू नये, आतून धुऊ तर नयेच. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा खराब होतो.