ओलीस कुणाकडे? वकीलसाहेबांना उत्तर

वकीलसाहेब,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. रात्री राग आला होता, सकाळी निम्मी पटली. त्यामुळे नुसते आभार मानून सुटका करून घेत नाही, नीट उत्तर देतो.

मूळ लेख ज्यांच्या नजरेतून निसटला त्यांच्यासाठी सांगतो. लेख बास्केटबॉलपटू रिकी रुबिओवर होता. स्पेनचा हा पोरसवदा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, २००९ मध्ये एनबीए या अमेरिकन लीगच्या ड्राफ्टमध्ये (तिथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) मिनेसोटा संघाने पाचव्या क्रमांकावर उचलला, पण त्याच्या बादालोनातल्या क्लबचा, म्हणजे जुवेंतुतचा, करार २०११ पर्यंत होता आणि तो मोडायची किंमत भलतीच मोठी होती. अमेरिकेला जायचं सोडून तो स्पेनमधल्याच बार्सिलोना क्लबकडे गेला आणि मिनेसोटा दोन वर्षं वाट बघत बसलं. जुवेंतुतने अठरा वर्षांच्या मुलाला ओलीस ठेवलं, असं मी लिहिलं होतं. एका ठिकाणी क्लबला खलनायकही म्हटलं होतं.

त्यावर तुम्ही म्हणता: एक, करार म्हणजे करार, सही केली की निभवायची. दोन, खरा अन्याय मिनेसोटावर झाला, कारण त्यांचा रीतसर हक्क असताना मुलाने त्यांना टांग दिली. तीन, माझे आकडे चुकलेत. शिवाय जाता जाता एक चिमटा: ‘करार वाचता येत नसेल तर त्यावर भावुक लेख लिहू नयेत.’

तिसरं आधी, कारण तिथे मी सपशेल चूक आहे. लेखात मी डॉलर आणि युरो एकाच पातेल्यात ढवळले. अमेरिकेतल्या बातम्यांत त्या उन्हाळ्यात ६६ लाख डॉलरचा आकडा फिरत होता आणि मी त्याला बिनदिक्कत युरो केलं. त्या वेळच्या भावाने तो आकडा पन्नास लाख युरोच्याही आत येतो. दुरुस्ती केली आहे. माझ्या बायकोनेही हेच दाखवलं होतं, पण तिचं ऐकलं नाही, तुमचं ऐकावं लागलं.

आता करार म्हणजे करार. हा मुद्दा मला मान्य आहे, आणि याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला तुम्ही दिलाच नाहीत म्हणून मीच देतो. १९८९ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने दुसऱ्या फेरीत दिनो राजाला निवडलं आणि सरळ त्याची सहीही घेतली. राजा तेव्हा स्प्लिटच्या युगोप्लास्तिकाकडे करारबद्ध होता. हा युरोपचा विजेता संघ, पण अमेरिकेत त्याला कोण ओळखणार? तरी त्या क्लबने बॉस्टनच्याच फेडरल कोर्टात दावा लावला, आणि न्यायमूर्ती वुडलॉक यांनी घरच्या संघाविरुद्ध मनाई हुकूम दिला. समेट झाला आणि राजा परत स्प्लिटला गेला. त्या मोसमात त्यांनी युरोपचं विजेतेपद पुन्हा जिंकलं. पुढे तो रोमला खेळला आणि सेल्टिक्सचा हिरवा शर्ट त्याच्या अंगावर चढला तो थेट १९९३ मध्ये. तेव्हा परदेशी क्लबचा करार म्हणजे रद्दी नव्हे, हे अमेरिकन कोर्टानेच सांगून ठेवलंय. आज तर फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय एनबीए अशा खेळाडूला मैदानात उतरवतच नाही.

आणि जुवेंतुतने मागितलं त्यात वावगं काय होतं, हेही मी आज वेगळं लिहीन. मुलगा एल मासनोऊचा, बादालोनाच्या शेजारच्या किनाऱ्यावरचा. क्लबने त्याला चौदाव्या वर्षी स्पेनच्या पहिल्या लीगमध्ये उतरवलं, तिथे त्याच्याइतक्या लहान वयात तोवर कुणीच खेळलं नव्हतं. २००६ मध्ये सोळा वर्षांखालच्या युरोपियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध त्याने ५१ गुण, २४ रिबाउंड, १२ असिस्ट आणि ७ स्टील केले. वर शेवटच्या क्षणी अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकून सामना जादा वेळेत नेला. असं पोर घडवलेल्या क्लबने ते फुकट का सोडावं? दोन गल्ल्यांपलीकडचा शेजारी बार्सिलोनासारखा गडगंज असताना तर मुळीच नाही. ‘खलनायक’ हा शब्द मागे घेतो.

पण ‘ओलीस’ मागे घेत नाही. फक्त कोठडी कुणाची होती ते मी चुकीचं सांगितलं.

हिशेब मांडू. ६६ लाख डॉलर भरायचे होते. त्यात मिनेसोटा किती घालू शकत होतं? तेव्हाच्या एनबीएच्या नियमाप्रमाणे फक्त ५ लाख. मालकाच्या मनात कितीही असलं तरी त्यापलीकडचा पैसा नवख्याच्या करारात बसतच नव्हता. उरले ६१ लाख. ते कुणी द्यायचे? मुलाने. आणि त्याची मिळकत किती? पाचव्या क्रमांकाच्या नवख्याला पहिल्या वर्षी तीस लाख डॉलरच्या आसपास, तेही कर आणि एजंटचा वाटा कापायच्या आधी. हा पगारही घासाघीस करून ठरत नाही, क्रमांकानुसार आधीच छापलेल्या तक्त्यातून येतो. म्हणजे दोन वर्षं मिनियापोलिसच्या बर्फात फुकट खेळायचं आणि वर पदरचे घालायचे. जुवेंतुतमध्ये तेव्हा तो काय कमवत होता? बातम्यांत आलेला आकडा वर्षाला ७० हजार युरोचा.

कराराची किंमत एका बाजूला, पगार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हे अंतर. रुबिओने कोर्टात नेमकं हेच मांडलं होतं, की दंडाची रक्कम पगाराच्या मानाने अवाच्या सवा आहे. स्पेनमध्ये १९८५ पासून खेळाडूंच्या नोकरीसाठी वेगळा हुकूमनामा आहे. खेळाडूने मध्येच करार सोडला तर क्लबला भरपाई मिळते, आणि रक्कम करारात ठरलेली नसेल तर ती कोर्ट ठरवतं. इथे रक्कम ठरलेली होती. ती तशीच मान्य करायची की पगाराशी ताडून कमी करायची, हा तुमच्याच पेशातला रंगलेला वाद झाला असता. पण निकालाची वेळ आलीच नाही. ऑगस्ट संपता संपता बार्सिलोनाने ३५ लाख युरोच्या आसपास मोजून प्रकरण मिटवलं. बार्सिलोनाला पाच लाखांची मर्यादा नव्हती. त्यांनी स्वतःच्या तिजोरीतून दिले, मुलाच्या खिशाला हात लावला नाही.

आता सांगा, जास्त पैसे देण्याची तयारी आणि मुभा असलेला ग्राहक शेजारीच उभा असताना या मुलाने काय करायला हवं होतं?

तर तुमचा दुसरा मुद्दा, मिनेसोटाचा हक्क. इथे मला तुमच्याशी भांडायचंय, कारण तुम्ही हक्क हा शब्द वापरलात आणि तो कुणाविरुद्ध ते पाहिलं नाहीत. ड्राफ्टचा हक्क मुलावर नसतो. तो बाकीच्या २९ संघांवर असतो. या पोराशी एनबीएमध्ये कुणी बोलणी करायची तर आम्हीच, एवढाच त्याचा अर्थ. मुलाने कुठेही सही केलेली नसते. त्याच्याशी करार तर सोडाच, कुठल्या संघाकडे जायचं हे त्याला विचारलेलंही नसतं. बार्सिलोना त्या ३० जणांच्या क्लबात नाहीच, मग तिच्यावर तो हक्क लागू कसा होणार? करार म्हणजे करार हे सूत्र पकडायचं, तर ते मिनेसोटाच्या विरुद्ध जातं, कारण करार फक्त बादालोनात होता.

तुम्ही आयपीएलच्या लिलावाची तुलना केलीत. गमतीशीर आहे, पण उलटी. तिथे हातोडा पडला की रक्कम खेळाडूची. ड्राफ्टमध्ये हातोडाच नाही. मिनेसोटाने जुवेंतुतला किंवा रुबिओला त्या रात्री एक सेंटही दिला नाही. पाचवा क्रमांक मिळवायला त्यांनी आदल्या दिवसांत वॉशिंग्टनला दोन खेळाडू दिले, मान्य. पण ते वॉशिंग्टनला. मुलाला वाढवणाऱ्याला काही नाही.

(विषयांतर: त्याच रात्री मिनेसोटाचे कारभारी डेव्हिड कान यांनी पाचव्या क्रमांकावर पॉइंट गार्ड घेतला, सहाव्यावरही पॉइंट गार्डच घेतला, आणि सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने उचलला पुढे महान ठरलेला स्टेफ करी. मिनेसोटाच्या चाहत्यांना आजही जेवताना हे आठवत असेल. त्याचं खापर मात्र रुबिओवर फोडू नका.)

हा हक्क किती दिवस पुरतो हेही बघण्यासारखं आहे. खेळाडू बाहेर करारबद्ध असेल तोवर हक्क शाबूत राहतो, वर्षानुवर्षं. सान अँटोनिओने २००२ मध्ये लुईस स्कोलाला दुसऱ्या फेरीत अगदी शेवटाकडे घेतलं. स्पेनमधल्या क्लबचा करार मोडायची रक्कम काही पेलेना, म्हणून पाच वर्षांनी त्यांनी हा कागदावरचा हक्क ह्यूस्टनला विकून टाकला. स्कोलाने तोवर सान अँटोनिओसाठी एक सामनाही खेळलेला नव्हता. ओर्लँडोने २००५ मध्ये अकरावा क्रमांक फ्रान वास्केसवर घालवला, तो आयुष्यात कधी गेलाच नाही. त्याने कुणालाही फसवलं नाही. ओर्लँडोशी त्याचा करारच झालेला नव्हता.

तुम्ही म्हणता की रुबिओचा हा सगळा पैशाचा डाव होता. डावच खेळायचा असता तर त्याला एक वर्ष आणखी थांबणं सोयीचं होतं. पहिल्या फेरीतला खेळाडू निवडीनंतर तीन मोसम बाहेर राहिला की तो नवख्यांचा तक्ता त्याला बांधत नाही, मोकळेपणाने भाव करता येतो. तियागो स्प्लिटरने तेच केलं. २००७ ला निवड, २०१० ला प्रवेश, आणि तक्त्याच्या कितीतरी वरचा करार. रुबिओ २०११ मध्येच आला, तक्त्याच्या पगारावर. बार्सिलोनाच्या करारात त्याने दोन मोसमांनंतरची सुटका दहा लाख युरोच्या आसपास लिहून घेतली होती. अठराव्या वर्षी पोळल्यावर मुलाने दुसरा करार नीट वाचला, असं म्हणू हवं तर. त्या उन्हाळ्यात लॉकआउटची, म्हणजे मालकांनी लीगच बंद ठेवण्याची, टांगती तलवार होती आणि नव्या नियमांत तक्ता आणखी आक्रसेल अशी भीतीही होती, त्यामुळे तो निव्वळ मिनेसोटाच्या प्रेमाने आला असंही मी म्हणणार नाही.

मी भावुक आहे, हा आरोप राहिला. आहे, आणि त्याचं कारण सांगतो. २४ ऑगस्ट २००८, रविवार, भर दुपारी बाराला ऑलिंपिकचा अंतिम सामना टीव्हीवर लागला. बाहेर दहीहंडीचे लाऊडस्पीकर, घरात आवाज ऐकू येईना. नेहमीचा पॉइंट गार्ड कॅल्डेरॉन जखमी, म्हणून स्पेनने पहिल्या पाचात सतरा वर्षांचं पोर उतरवलं होतं, कपाळावर केस येणारं. समोर कोबी ब्रायंट, लेब्रॉन, ख्रिस पॉल, जेसन किड. स्पेन १०७–११८ असं हरलं. पण शेवटच्या काही मिनिटांपर्यंत अमेरिकेला घाम फुटलेला होता, आणि तो पोरगा चेंडू घेऊन पुढे येताना एकदाही खाली बघत नव्हता. आम्ही शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर खेळायचो तेव्हा सर ओरडायचे, चेंडूकडे बघू नको, माणसाकडे बघ. मला ते तेव्हा जमलं नाही आणि पुढेही कधी जमलं नाही. पुढच्याच वर्षी त्या मुलाच्या भविष्यावर दोन खंडांत हुज्जत चालू असताना त्याला विचारणारं कुणीच दिसेना, तेव्हा लेखात पाणी थोडं जास्त पडलं.

लेखात दोन बदल केले आहेत. आकडे दुरुस्त केले, आणि ‘जुवेंतुतने ओलीस ठेवलं’ या वाक्यातलं ‘जुवेंतुतने’ काढून तिथे ‘पाच लाखांच्या मर्यादेने आणि छापील तक्त्याने’ घातलं. वाक्य लांबडं आणि बेढब झालंय, कबूल. स्पेनच्या त्या १९८५ च्या हुकूमनाम्याखाली पगाराच्या साठ-सत्तर पटीची भरपाई टिकली असती की नाही, यावर तुम्ही लिहिणार असाल तर इथे जागा तुमचीच.